दत्तजयंती ते होळी : घोडा घडवायचे तीन महिने

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठी एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे आणि मग घोडेबाजारात एक चक्कर मारायची, ही खान्देशातल्या शेतकऱ्याची पिढ्यान् पिढ्यांची रीत. त्यानंतर मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. या दोन्ही ठिकाणांहून दरवर्षी अनेक शेतकरी नवे शिंगरू किंवा कच्चे घोडे घेऊन गावी येतात. कोणी हौसेखातर, कोणी लग्नाच्या वरातीत भाड्याने देण्यासाठी, कोणी टांग्यासाठी, तर कोणी पुढच्या यात्रेत चार पैसे जास्त घेऊन विकण्यासाठी.

घोडे दारात आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘बसायचं कधी?’’ बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर ‘उद्याच’ असे असते, आणि नुकसानीला तिथूनच सुरुवात होते. बाजारात मोजलेली रक्कम कमी नसते. ते जनावर नीट घडवले तर पंधरा वर्षे सेवा देते. घाई केली तर दोन हंगामांत पाठीतून वा पायातून जाते, किंवा असे बुजरे होते की कोणी फुकटही नेत नाही. आधीच घोड्यांची संख्या झपाट्याने घटते आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडी व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती, ती २०१९ मध्ये ३ लाख ४० हजारांवर आली. राहिलेली तरी नीट राहावीत.

शेतकरी बंधूंनो, दत्तजयंती ते होळी म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा ते फाल्गुन पौर्णिमा. अधिक मास मध्ये आला नाही तर बरोबर तीन महिने. हे तीन महिने घोड्याच्या शिकवणीला द्या, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

हिवाळाच का?

घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे गेला की त्याची सगळी ताकद अंग थंड ठेवण्यातच जाते. तेव्हा ना शिकवण होते, ना दम वाढतो. हिवाळ्यात सकाळी तास-दीड तास काम घेतले तरी जनावर थकत नाही. दुसरे म्हणजे पावसाळ्यात व त्यानंतर गोमाश्यांचा त्रास असतो. ‘सर्रा’ हा रक्तातील रोग त्यांच्या चाव्यातून पसरतो. थंडीत या माश्या कमी होतात. तिसरे म्हणजे खरीप निघालेली मोकळी रानं असतात. ढेकळे फोडून एक तुकडा सपाट केला की शिकवणीला मऊ जागा मिळते. चौथे म्हणजे पौषात आपल्याकडे लग्ने नसतात. भाड्याचा मोह नसतो आणि गडीमाणूसही थोडा मोकळा असतो.

आधी वय आणि वजन

बैलाचे दात पाहण्यात आपला हात कोणी धरणार नाही. घोड्याचेही तसेच आहे, फरक एवढाच की बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, घोड्याला वरही असतात. साधारण अडीच वर्षांना मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला चार होतात, साडेचारला सहा होतात आणि पाच वर्षांना तोंड जुळते. दुधाचा दात लहान, पांढरा व मुळाशी बारीक असतो. पक्का दात मोठा व पिवळसर असतो.

दोन दाती शिंगरावर या हिवाळ्यात मुळीच बसू नका. त्याची उंची भरलेली दिसते, पण हाडे भरलेली नसतात. पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-साडेपाच वर्षे लागतात. अशा शिंगराला या वर्षी फक्त हाताळणे, चालवणे, पाय उचलू देणे एवढेच शिकवा. स्वारी पुढच्या हिवाळ्यात. चार दाती किंवा त्याहून मोठ्या जनावरासाठी पुढील वेळापत्रक आहे.

आता वजन. घोड्याने स्वार व खोगीर मिळून स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त पाचवा हिस्सा वाहावा. कच्च्या घोड्याला त्याहून कमीच द्यावे. काटा नसला तरी शिंप्याची फीत पुरते. खांद्याच्या उंचवट्यामागून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजा. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करा आणि ११,८८० ने भागा. वजन किलोत मिळते. समजा घेर १६० आणि लांबी १४० आली, तर वजन सुमारे ३०० किलो. त्याचा पाचवा हिस्सा ६० किलो. खोगीर १० किलोचे असेल तर स्वार ५० किलोचाच हवा. म्हणजे घरातला ७५ किलोचा गडी या घोड्यावर बसायचा नाही, हे हिशेबानेच ठरले. आपल्या दख्खनी भीमथडी जातीची जनावरे बुटकी पण काटक असतात आणि धनगर बांधवांचा संसार पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालतात. पण काटक आहे म्हणून हिशेब सोडू नये.

पहिला पंधरवडा : पौर्णिमा ते अमावास्या

बाजारातून आलेले जनावर प्रवासाने शिणलेले आणि गर्दीने भेदरलेले असते. या पंधरा दिवसांत काम काहीच घेऊ नका. इतर घोड्यांपासून ते किमान तीन आठवडे वेगळे बांधा. पाण्याची बादली, तोबरा, खरारा सगळे वेगळे ठेवा. विकणाऱ्याकडून तो काय खाऊ घालत होता हे विचारून घ्या आणि खाद्य एकदम न बदलता सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला.

मी शेतीच्या विस्ताराचे काम करतो, गुरांचा डॉक्टर नाही. म्हणून औषधपाण्याचे एवढेच सांगतो की याच काळात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची लस व जंतांचे औषध विचारून घ्या. नाकातून घट्ट चिकट स्राव, नाकात जखमा, पायावर फुटणाऱ्या गाठी असे काही दिसले तर ताबडतोब कळवा. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्यांना होतो, तो माणसालाही होतो आणि घोड्यासाठी त्यावर उपचार करून चालत नाही. बाधित जनावर नष्ट करावे लागते. रक्ताचा नमुना हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासला जातो. २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्यानुसार असा रोग लपवता येत नाही. सरपंच, ग्रामसेवक व पोलीस पाटील यांनीही हे लक्षात ठेवावे. यात्रेहून गावात नवी घोडी आली की दवाखान्याला एक फोन करावा. गावच्या हाळावर आजारी घोड्याला पाणी पाजू देऊ नये.

पौष : जमिनीवरची शिकवण

गोऱ्हा औताला कसा शिकवतात ते आठवा. आधी त्याला जुन्या शांत बैलाच्या जोडीला जुंपतात, मागे नुसते लाकूड ओढायला देतात, आणि मग वखर. घोड्यालाही अशाच पायऱ्या लागतात. घरात वयस्क शांत घोडी असेल तर पहिले आठ दिवस नव्याला तिच्याबरोबर चालवा. निम्मी शिकवण ती देते.

एक गोष्ट समजून घ्या. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊ नका, बोलत जा, खांद्याकडून जा. तो लाथ मारतो ती बहुधा वाईटपणाने नव्हे, भीतीने.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घोडा मार खाऊन शिकत नाही, सैल सोडल्याने शिकतो. दोरीला हलका ताण दिला आणि तो एक पाऊल पुढे आला की त्याच क्षणी ताण सोडा. त्याला कळते की, ‘पुढे गेलो की सुटका होते.’ तो आल्यावरही तुम्ही ओढतच राहिलात तर त्याला काहीच कळत नाही आणि तो अडून बसतो. ‘घोडा का अडला?’ याचे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, न फिरवल्यामुळे. त्याला आणखी एक जोड द्या : चुकीच्या वेळी ओढल्यामुळेही.

पौषात रोज वीस मिनिटे, जास्त नाही, पुढील गोष्टी करा. मोरखी घालणे-काढणे. डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंनी चालवणे. ‘हो’ म्हटले की थांबणे. चारही पाय एकेक करून उचलू देणे. दोन पावले मागे सरणे. अंगभर खरारा. थांबण्याचा शब्द घरातल्या सगळ्यांचा एकच असावा. बापाचा एक, पोराचा दुसरा असे झाले तर जनावर गोंधळते.

दुसऱ्या पंधरवड्यात लांब दोरीवर गोल फिरवायला घ्या. ‘कावा’ हा शब्द आज आपण डावपेचासाठी वापरतो, पण घोड्याला असे गोल फिरवण्यालाही मराठीत कावाच म्हणतात. गोल मोठा असू द्या. आपल्यापासून घोडा निदान सात-आठ मीटर लांब हवा. लहान गोलात सांध्यांवर ताण येतो. जितके डावीकडे तितकेच उजवीकडे. एकूण दहा-पंधरा मिनिटे पुरे. थकवून गरीब करायची ही युक्ती नाही. आवाजावर कदम, आवाजावर दुडकी आणि आवाजावर थांबणे, हे शिकवायचे आहे.

माघ : खोगीर आणि पहिला स्वार

आधी पाठीवर नुसते पोते टाका, त्याला हुंगू द्या. मग खोगीर. तंग एकदम आवळू नका. पहिल्या दिवशी फक्त टेकेल इतका, मग चार पावले चालवून एक छिद्र वर. खोगीर मणक्यावर टेकता कामा नये. दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर बसले पाहिजे. खोगीर काढल्यावर घामाचा ठसा पाहा. ओल्या ठशात मधेच एखादा कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतो आहे. दुर्लक्ष केले तर आठ दिवसांत तिथे जखम होते.

आठवडाभर खोगिरासह कावा दिल्यावर हलक्या अंगाच्या जाणत्या माणसाने आधी नुसते पोटावर आडवे होऊन वजन टाकावे आणि उतरावे. दुसऱ्याने दोरी धरावी. दोन-तीन दिवसांनी पाय टाकून बसावे, दहा पावले चालवावे आणि उतरावे. पहिल्या आठवड्यात पाच ते दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. शिकवण नेहमी जनावराने काही बरोबर केले त्या क्षणी संपवा, बिघडल्यावर नव्हे. हलका असला तरी लहान मुलाला मात्र कच्च्या घोड्यावर बसवू नका.

लगाम साधा, गुळगुळीत असावा. बाजारात काटेरी लगाम मिळतात. त्याने घोडा लवकर थांबतो हे खरे, पण तोंड फाटते, जीभ कापते आणि काही महिन्यांत तोंड इतके बधिर होते की मग काटाही जाणवत नाही. भारवाहू जनावरांबाबतच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार अशी काटेरी साधने वापरण्यास बंदी आहे. वरातीत नाचवण्यासाठी घोड्याला दोन खांबांना जखडून नडग्यांवर काठी मारण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. असा घोडा नाचत नाही, काठीच्या धास्तीने पाय उचलतो. ढोल वाजला की त्याला काठी आठवते. हीच जनावरे वरातीत बिथरून माणसांत घुसतात.

फाल्गुन : रस्त्यावर

आता शेतरस्त्याला लावा. सुरुवातीला दोन-तीन किलोमीटर, सगळे कदमावर. तिसऱ्या आठवड्यात मध्ये मध्ये दुडकी. भरधाव सोडायची घाई करू नका. मारवाडी व काठेवाडी घोड्यांत रेवाळ चाल पुष्कळदा जात्याच असते आणि बाजारात तिला मोल आहे. पण जी अंगात नाही ती पाय बांधून आणता येत नाही. ट्रॅक्टर, ऊसगाडी, बँड यांची ओळख लांबून करून द्या. आधी शंभर पावलांवर उभे करा, तो मान खाली घालून शांत झाला की थोडे जवळ. वरातीसाठीच घोडा तयार करायचा असेल तर या सरावाला पर्याय नाही.

दम किती वाढला हे पाहण्यासाठी नाडी मोजा. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवले की ठोका लागतो. विश्रांतीच्या वेळी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. काम संपवून पंधरा-वीस मिनिटे झाली तरी नाडी ६४ च्या वर असेल तर आज काम जास्त झाले. उद्या कमी करा.

थंडीतली रोजची काळजी

सकाळी दव आणि गारठा असताना खोगीर चढवू नका. ऊन पडल्यावर, साडेसात-आठच्या पुढे घ्या. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे नुसते चालवा, शेवटची दहा मिनिटेही तशीच. घाम आलेला घोडा वाऱ्यात बांधू नका. गवताच्या मुठीने अंग पुसा, कोरडे होईपर्यंत झूल टाका. कामानंतर तळवे साफ करा. काळ्या रानातली ढेकळे खुरात घट्ट बसतात आणि घोडा लंगडतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर काढून घ्या. मऊ रानातच काम असेल तर नाल लगेच नको, डांबरी रस्त्यावर रोज जायचे असेल तर हवा.

पाण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. थंडीत घोडा पाणी कमी पितो आणि खातो सुका कडबा. परिणामी पोटात लेंड अडकून पोटशूळ होतो. सिमेंटच्या टाकीतले रात्रभर गारठलेले पाणी त्याला नको असते. विहिरीचे ताजे पाणी सकाळी कोमट असते, ते द्या. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला १५ ते २५ लिटर पाणी लागते. रोज पाव मूठ मीठ खाद्यातून द्या म्हणजे तहान लागते.

चारा हाच मुख्य आहार. ३०० किलोच्या जनावराला दिवसाला पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो. दादरचा कडबा कुट्टी करून आणि त्याला थोड्या लसूणघासाची जोड दिली तर उत्तम. भिजवलेला हरभरा किंवा भरडा कामाच्या मानाने, दोन-तीन वेळा विभागून द्या. घोड्याचे पोट लहान असते, तो बैलासारखा रवंथ करत नाही. ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी दाणा निम्मा. भरपूर दाणा खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी एकदम कामाला लावला तर त्याचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात आणि लघवी तांबडी-काळी होते. असे झाले तर त्याला एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना बोलवा.

उसाचा हंगाम असल्याने वाढे फुकट मिळतात. पण त्यातील ऑक्झलेट अंगातील कॅल्शियम बांधून ठेवते. रोज नुसते वाढे घातले तर हाडे कमजोर होतात, कच्च्या घोड्याची तर जास्तच. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूवर जातो, तो अजिबात देऊ नका. कोंबडीखाद्य कधीही देऊ नका. त्यात मिसळलेली काही औषधे कोंबडीला चालतात, पण घोड्याला ती मारक असतात. कोवळी हिरवी ज्वारीही टाळा.

घोडा पोटाकडे वळून वळून पाहतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही, ही पोटशुळाची लक्षणे. अशा वेळी बाटलीने तेल पाजण्याचा घरगुती उपाय जिवावर बेततो. घोड्याला उलटी होत नाही आणि तेल फुप्फुसात उतरू शकते. खाद्य बंद करा, पशुवैद्यकाला बोलवा.

होळीची परीक्षा

माघ-फाल्गुनात लग्ने असतात. ‘‘एवढी भाडी सोडायची का?’’ असे कोणीही विचारील. उत्तर असे की दोन महिन्यांची भाडी एका बाजूला आणि पंधरा वर्षांचे जनावर दुसऱ्या बाजूला ठेवून घरी बसून हिशेब करा. बिथरलेल्या घोड्याने वरातीत एखाद्याला जायबंदी केले तर ती भरपाई त्या हिशेबात धरा. राष्ट्रीय पशुधन अभियानातील विमा योजनेत घोडेही येतात, पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात त्याची चौकशी करून ठेवा. पुढे उन्हाळ्यात काम घेताना हेही लक्षात असू द्या की १९६५ च्या त्याच नियमांनुसार पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जनावराकडून काम घेता येत नाही.

होळीच्या दिवशी घोड्याची परीक्षा घ्या. स्वार चढेपर्यंत तो जागेवर उभा राहतो का? ‘हो’ म्हटल्यावर लगाम न ओढता थांबतो का? चारही पाय उचलू देतो का? इतर घोडी पुढे निघून गेली तरी कदमावर राहतो का? हलगी वाजताना उभा राहतो का? पाचही उत्तरे ‘होय’ असतील तर घोडा कामाला लावा. एखादे ‘नाही’ असेल तर त्या पायरीवर परत जा आणि आणखी आठ-पंधरा दिवस द्या. आणि पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला तो विकायचा झालाच, तर गिऱ्हाईकाला त्याचे वर्णन करत बसू नका. दोरी सैल सोडून त्याच्या हातात द्या आणि त्याला घोडा चालवून पाहू द्या.